अल श्विमरची विमानं

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सरकारच्या हाती हजारो विमानं उरली. त्यांना ना शत्रू राहिला होता, ना वैमानिक. ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या कोरड्या माळांवर ती रांगेनं उभी करून ठेवली होती आणि वॉर ॲसेट्स ॲडमिनिस्ट्रेशन हे सरकारी खातं मिळेल त्या किमतीला ती विकत होतं. युद्धात सेवा केलेल्यांना खरेदीत प्राधान्य असे. काहींनी बॉम्बफेकी विमान घेतलं ते फक्त टाकीतल्या पेट्रोलसाठी, काहींनी ॲल्युमिनियम वितळवून विकण्यासाठी.

1948 च्या सुरुवातीला या बाजारात तिशीतला एक फ्लाइट इंजिनिअर उतरला. त्यानं कर्टिस सी-46 जातीची दहा मालवाहू विमानं घेतली, प्रत्येकी सुमारे 5 हजार डॉलरला. लॉकहीड कॉन्स्टेलेशन या चार इंजिनांच्या विमानाच्या लष्करी आवृत्तीची तीन विमानं त्यानं प्रत्येकी 15 हजार डॉलरला उचलली. तशी एकूण 22च विमानं बनली होती आणि नवं असताना एकेकाला काही लाख डॉलर पडले होते. सी-46 भारतालाही अनोळखी नाही. युद्धाच्या काळात आसामातल्या धावपट्ट्यांवरून उडून, हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनला पेट्रोल आणि दारूगोळा पोहोचवणाऱ्या ताफ्यात ही पोटफुगी विमानं होती. त्यातली कितीतरी त्या डोंगरांतच पडली.

या गिऱ्हाइकाचं नाव अडोल्फ श्विमर. त्याला सगळे अल म्हणत. कागदोपत्री तो एक छोटी मालवाहू विमान कंपनी काढत होता. प्रत्यक्षात तो अजून जन्माला न आलेल्या एका देशासाठी हवाई दल जमवत होता, आणि त्यासाठी स्वतःच्या देशाचा कायदा मोडत होता.

श्विमरचा जन्म 1917 चा. पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेल्या ज्यू आईबापांचा हा मुलगा कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट या कारखान्यांच्या गावात वाढला. 1939 मध्ये तो लॉकहीडमध्ये लागला आणि त्याच सुमारास वैमानिकाचा खासगी परवानाही त्यानं मिळवला. युद्धात तो टीडब्ल्यूए या विमान कंपनीकडून अमेरिकी हवाई वाहतूक दलाच्या उड्डाणांवर फ्लाइट इंजिनिअर म्हणून जाई. हे काम वैमानिकापेक्षा वेगळं. वैमानिक पुढे पाहतो, तर फ्लाइट इंजिनिअर काट्यांकडे पाहतो: कोणत्या टाकीत किती इंधन उरलं, कोणतं इंजिन तापलं, कोणतं तेल पीत आहे, समुद्र ओलांडायला एवढं पुरेल की परतावं लागेल. पुढे त्यानं जे काही केलं, त्या सगळ्यामागे हा काट्यांवरचा डोळा दिसतो.

तो धार्मिक नव्हता आणि ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्रासाठीच्या झायोनिस्ट चळवळीत वाढलेलाही नव्हता. पण युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची झळ त्याच्या आईच्या माहेरापर्यंत पोहोचली होती. छावण्यांतून जिवंत सुटलेले लाखभर लोक जर्मनी-ऑस्ट्रियातल्या निर्वासितांच्या तळांवर अडकून पडले होते. ब्रिटिश सरकार त्यांना पॅलेस्टाइनमध्ये येऊ देत नव्हतं आणि त्यांची गळकी जहाजं समुद्रातच अडवली जात होती. श्विमरच्या मनात आलं की जहाजं अडवली जातात, तर माणसं विमानातून का नेऊ नयेत?

ही कल्पना घेऊन तो न्यूयॉर्कला गेला. पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंची भूमिगत सेना, हगाना, तिचे लोक मॅनहॅटनमधल्या ‘हॉटेल फोर्टीन’ या हॉटेलातून काम करत. त्याच इमारतीत कोपाकबाना हा त्या काळचा गाजलेला नाइटक्लब होता; वर शस्त्रांचे सौदे ठरत आणि खाली रात्रभर नाचगाणं चाले. पुढे जेरुसलेमचे महापौर झालेले टेडी कोलेक याच हॉटेलातून सूत्रं हलवत. पैशाची बाजू रुडॉल्फ सॉनेबॉर्न या उद्योगपतीभोवती जमलेला एक गट सांभाळी. पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंचे नेते बेन गुरियन यांनी 1945 च्या जुलैत सॉनेबॉर्नच्या घरी निवडक श्रीमंत ज्यूंना बोलावून पुढच्या लढाईची कल्पना दिली होती, त्यातून हा गट उभा राहिला.

श्विमरची गाठ शस्त्रखरेदीत मुरलेल्या येहुदा अराझी यांच्याशी पडली. निर्वासितांसाठी विमानं ही कल्पना अराझींना पटली, पण त्यांना विमानं हवी होती ती आधी बंदुकांसाठी. संयुक्त राष्ट्रसंघानं 29 नोव्हेंबर 1947 रोजी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव 33 विरुद्ध 13 मतांनी मंजूर केला. भारतानं विरोधात मत दिलं होतं. स्वतःच्या फाळणीचं रक्त तेव्हा वाळलंही नव्हतं. ब्रिटिश 1948 च्या मे महिन्यात निघून जाणार, आणि त्या क्षणी शेजारच्या अरब देशांची सैन्यं आत शिरणार, हे उघड दिसत होतं. इजिप्तकडे लढाऊ विमानं होती. ज्यूंच्या बाजूला होती ती पाखरांएवढी हलकी प्रवासी विमानं.

त्यात अमेरिकेनं 5 डिसेंबर 1947 रोजी मध्यपूर्वेला शस्त्रं पाठवण्यावर बंदी घातली. बंदी दोन्ही बाजूंना सारखीच होती, पण अरब देशांना ब्रिटनकडून शस्त्रं मिळत राहिली. हगानापुढे मार्ग उरला तो चोरवाटेचा.

श्विमरनं मग कंपन्या उभ्या केल्या. सर्व्हिस एअरवेज ही आयर्विन शिंडलर या वैमानिकाची, जवळजवळ कागदावरच असलेली कंपनी हाताशी घेतली. कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या विमानतळावर, लॉकहीडच्या सावलीत, त्यानं स्वतःच्या नावाची दुरुस्ती कार्यशाळा काढली. पूर्वेला न्यू जर्सीतल्या मिलव्हिलला दुसरा तळ केला. महायुद्धात उडालेले वैमानिक, नॅव्हिगेटर, मेकॅनिक गोळा केले. टीडब्ल्यूएत कॉन्स्टेलेशन उडवणारा सॅम लुईस, लिओ गार्डनर, रेनॉल्ड सेल्क, बिल गर्सन ही त्यातली आघाडीची नावं. बरेचसे ज्यू होते, पण सगळे नाहीत. काही ध्येयानं आले, काही पगारासाठी, आणि युद्ध संपल्यावर घरच्या शांततेत जीव रमेना म्हणूनही काही आले असावेत.

हेरकथांत रात्रीच्या उड्डाणांना जागा मिळते, दुरुस्तीला मिळत नाही. म्हणून बरबँकच्या या दिवसांकडे जरा थांबून पाहायला हवं. लिलावात घेतलेलं लष्करी विमान लगेच उडवता येत नसे. ते महिनोन् महिने उन्हात उभं असे, रबरी नळ्या वाळून तडकलेल्या असत, यंत्रं काढून नेलेली असत. नागरी उड्डाणाचा दाखला मिळवायचा तर सरकारी निरीक्षकाचं समाधान होईपर्यंत शेकडो फेरफार करावे लागत. लष्करी कॉन्स्टेलेशनचं तर बरंच काही बदलावं लागे. सुट्या भागांचा साठा करायचा, कारण पुढे ज्या देशात जायचं तिथे या विमानांचा एक बोल्टही मिळणार नव्हता. हे सगळं उघड्या विमानतळावर, एफबीआय आणि कस्टम खात्याच्या नजरेसमोर चाललं होतं. शंका यायला वेळ लागला नाही. एवढ्या छोट्या कंपनीला एवढी विमानं कशाला, आणि नेण्यासाठी माल कुठे आहे?

उत्तर पनामानं पुरवलं. पनामानं 1947 मध्ये टोकुमेनला मोठा नवा विमानतळ बांधला होता. कालव्याच्या पट्ट्यातल्या अमेरिकी धावपट्ट्यांवर अवलंबून राहायचं नाही, ही त्यामागची जिद्द. विमानतळ झाला, पण तिथून उडणाऱ्या कंपन्या मिळेनात. अशा वेळी कोणी पनामाच्या झेंड्याखाली आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू करतो म्हणाला, तर त्याला नाही कोण म्हणेल? लिनेआस एरेआस दे पनामा, आद्याक्षरांनी ‘लाप्सा’, या नावाखाली श्विमरच्या विमानांची नोंदणी झाली. पनामाच्या लोकांनी या नव्या कंपनीचं मनापासून स्वागत केलं. तिचा एकही खरा प्रवासी कधी उडाला नाही.

मग घड्याळाशी शर्यत सुरू झाली. अमेरिकी सरकारनं नवा नियम काढला: 35 हजार पौंडांपेक्षा जड कोणतंही विमान 15 एप्रिल 1948 नंतर निर्यात परवान्याशिवाय देशाबाहेर जाणार नाही. नियम जणू याच ताफ्यावर नेम धरून बेतलेला होता. भरलेलं सी-46 चाळीस हजार पौंडांच्या पुढे जाई, कॉन्स्टेलेशन तर त्याच्या जवळजवळ दुप्पट. मार्चमध्येच सॅम लुईसनं एक कॉन्स्टेलेशन पनामाला काढलं होतं. सी-46 विमानं मुदतीच्या आत मेक्सिकोमार्गे दक्षिणेला निघाली. उरलेली दोन कॉन्स्टेलेशन मात्र अडकली. सरकारनं ती जमिनीवरच रोखून ठेवली.

याच घाईत पहिले बळी गेले. एप्रिलमध्ये मेक्सिको सिटीच्या विमानतळावरून एक सी-46 अवजड माल घेऊन उडालं. ते शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांचा जोरही घटतो. विमान वर चढू शकलं नाही. बिल गर्सन आणि मेकॅनिक ग्लेन किंग दोघेही गेले. गर्सन मागे पत्नी आणि लहान मुली सोडून गेला.

मे उजाडला तेव्हा टोकुमेनवर सी-46 विमानं निघायच्या तयारीत होती. ही दोन इंजिनांची विमानं अटलांटिक ओलांडण्यासाठी बनलेली नव्हती, म्हणून आत जादा टाक्या बसवल्या गेल्या. मार्ग ठरला तो असा: पनामाहून डच गियानातलं पारामारिबो, तिथून ब्राझीलच्या नाकावरचं नाताल, समुद्रापलीकडे आफ्रिकेत डाकार, मग कॅसाब्लांका, सिसिलीतलं कातानिया, आणि शेवटी तेल अवीवच्या दक्षिणेकडचा एक्रोनचा तळ. विमानांच्या अंगावर पनामाच्या कंपनीचं नाव होतं. 14 मेच्या दुपारी बेन गुरियन यांनी इस्रायलच्या स्थापनेची घोषणा केली. अमेरिकेत तो दिवस मावळायच्या आत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नव्या राष्ट्राला मान्यता दिली, शस्त्रबंदी मात्र कायम ठेवली. म्हणजे श्विमर ज्या राष्ट्रासाठी हे करत होता ते आता त्याच्या सरकारला मान्य होतं, आणि तो करत होता ते काम गुन्हा होतं.

विमानं मिळाली, पण त्यात भरायचं काय आणि कुठून? याचं उत्तर चेकोस्लोव्हाकियात होतं. फेब्रुवारी 1948 मध्ये तिथे कम्युनिस्टांनी सत्ता घेतली होती. देशाला डॉलर हवे होते, गोदामांत जर्मन नमुन्यांवर बनलेली शस्त्रं पडून होती, आणि मध्यपूर्वेतून ब्रिटनचा पाय निघावा अशी स्टालिनची इच्छा असल्यानं मॉस्कोचा आडकाठी करण्याचा विचार नव्हता. प्रागच्या वायव्येला झातेत्स हे गाव आहे. बिअरमध्ये घालायच्या हॉप्सच्या मळ्यांसाठी ते प्रसिद्ध. गावाजवळ जर्मन हवाई दलाचा जुना तळ होता, तो या कामासाठी मिळाला. हिटलरच्या वायुसेनेच्या तळावर ज्यू वैमानिक उतरत होते आणि नाझी बनावटीचं सामान विमानात चढवत होते.

त्यातला सगळ्यात मोलाचा माल म्हणजे एव्हिया एस-199 हे लढाऊ विमान. सांगाडा जर्मन मेसरश्मिट 109 चा. त्याचं मूळ इंजिन मिळेना, म्हणून चेक कारखान्यानं त्यात हाइन्केल बॉम्बफेकी विमानाचं युमो इंजिन बसवलं. ते जड, मंद आणि भल्या मोठ्या पात्यांचं. उड्डाणाच्या वेळी विमान त्या पात्यांच्या पिळानं एका बाजूला ओढलं जाई, आणि चाकं एकमेकांच्या इतकी जवळ की उतरताना उलटायला निमित्त पुरे. नाकातल्या मशीनगन पात्यांच्या मधून गोळ्या झाडत. त्यांचा मेळ चुकला की वैमानिकाच्या गोळ्या स्वतःच्याच पात्यांना भोकं पाडत. चेक वैमानिकांनी त्याला ‘मेझेक’, म्हणजे खेचर, असं नाव दिलं होतं. अशा एका खेचरासाठी इस्रायलनं सुमारे 1 लाख 80 हजार डॉलर मोजले. अमेरिकेत याच्यापेक्षा कितीतरी सरस मस्टँग भंगारभावानं विकलं जात होतं, पण ते यांना घेता येत नव्हतं. बंदीची खरी किंमत इथे दिसते.

दूरचा पल्ला एस-199 च्या आवाक्यातला नव्हता. म्हणून ते सुटं करून, धड आणि पंख वेगळे करून, सी-46 च्या पोटात घालायचं आणि अकरा-बारा तास उडत एक्रोनला न्यायचं. मध्ये इंधनासाठी काही काळ कॉर्सिका बेटावरच्या अजाक्सिओचा आधार होता. विमान रात्री उतरे, दिव्यांशिवाय माल उतरवला जाई, आणि इजिप्तची विमानं दिसायच्या आत ते परत उडून जाई. या मोहिमेचं सांकेतिक नाव ‘बालाक’. मे महिन्याच्या अखेरीस एक सी-46 धुक्यात एक्रोनजवळ कोसळलं. नॅव्हिगेटर मो रोझेनबॉम गेला. महायुद्धाला पुरून उरलेला हा माणूस दुसऱ्याच्या युद्धात माल पोहोचवताना मेला.

29 मे रोजी इजिप्तचं सैन्य इसदूदजवळ, म्हणजे आजच्या अश्दोदपाशी, तुटलेल्या पुलावर थांबलं होतं. तेल अवीव तिथून तीसेक किलोमीटर. नुकतीच जोडलेली चार एस-199 संध्याकाळी एक्रोनहून उडाली. चाचणीचं उड्डाणसुद्धा झालेलं नव्हतं. लू लेनार्ट हा अमेरिकी, एडी कोहेन हा दक्षिण आफ्रिकी, मोदी अलोन आणि एझर वाइझमन हे पॅलेस्टाइनमध्ये जन्मलेले. वाइझमन पुढे इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष झाले. बॉम्ब फारसे नेमके पडले नाहीत, काहींच्या बंदुका अडकल्या, आणि कोहेन परत आला नाही. तरी इजिप्तच्या सेनाधिकाऱ्यांना धक्का बसला, कारण ज्यूंकडे लढाऊ विमानं नाहीत अशी त्यांची पक्की समजूत होती. त्या एका हल्ल्यानं तेल अवीव वाचलं असं इस्रायलमध्ये सांगतात. इतिहासकार त्याबद्दल जास्त सावध आहेत. इजिप्तची रसद ताणलेली होती आणि तिथून पुढे जाण्याचा त्यांचा बेत किती पक्का होता, यावर वाद आहे. मला वाटतं, हल्ल्याचं खरं मोल आकाशात कोण एकटं आहे याचा हिशेब बदलण्यात होतं. 3 जूनला मोदी अलोननं तेल अवीववर बॉम्ब टाकायला आलेली दोन इजिप्शियन डाकोटा विमानं पाडली. त्यानंतर त्या शहरावरचे हवाई हल्ले ओसरले.

श्विमरच्या यादीत बॉम्बफेकी विमानंही होती. मायामीत चार्ली विंटर्स नावाचा बॉस्टनचा आयरिश वंशाचा प्रोटेस्टंट फळं-भाज्यांच्या वाहतुकीसाठी जुनी बी-17 विमानं बाळगून होता. त्यानं ती विकली आणि स्वतःही या कामात उतरला. जून 1948 मध्ये तीन बी-17, म्हणजे ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’, मायामीहून निघाली, पोर्तो रिकोत उतरली, आणि पुढे अझोर्स बेटांवरून थेट झातेत्सला पोहोचली. चौथं शिंडलरनं बाहेर काढण्याचा प्रयत्न केला; ते अझोर्समध्येच अडकलं. त्यानंतर अमेरिकी यंत्रणा खडबडून जागी झाली आणि वॉरंटं निघू लागली.

15 जुलैला ही तीन विमानं झातेत्सहून इस्रायलला निघाली ती वाटेत बॉम्ब टाकूनच. एक कैरोकडे वळलं. नेम राजवाड्याचा होता, बॉम्ब वस्तीवर पडले आणि सामान्य माणसं मेली. बरबँकच्या कार्यशाळेत सुरू झालेली ही साखळी कैरोच्या गल्लीत अशी पोहोचली. श्विमरच्या कथा सांगताना हे वाक्य अनेकदा गाळलं जातं, ते गाळू नये.

अमेरिकेच्या दबावाखाली चेक सरकारनं ऑगस्टमध्ये झातेत्सचा तळ बंद केला. तोवर सी-46 विमानांना घरचं काम मिळालं होतं. नेगेव्हच्या वाळवंटात वेढल्या गेलेल्या वस्त्यांना आणि सैन्याला रसद पोहोचवण्यासाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर 1948 या काळात चारशेहून अधिक फेऱ्या झाल्या, दोन हजार टनांहून जास्त माल गेला. इथे श्विमरची पनामाहून आलेली विमानं ज्यासाठी बनली होती तेच काम करत होती, आणि माझ्या मते लढाऊ विमानांच्या चकमकींपेक्षा या फेऱ्यांचा युद्धाच्या निकालावर जास्त परिणाम झाला.

याच सुमारास सॅम पोमेरान्झ हा आणखी एक अमेरिकी इंजिनिअर चेक हवाई दलाची जुनी स्पिटफायर विमानं इस्रायलला उडवत न्यायच्या खटपटीत होता. स्पिटफायरचा पल्ला फार तोकडा. पोमेरान्झनं बंदुका, रेडिओ, चिलखती पत्रे, जे निघेल ते काढलं आणि जिथे जागा मिळेल तिथे इंधनाच्या टाक्या बसवल्या. सप्टेंबरमध्ये पहिल्या खेपेला निघालेल्या सहांपैकी तीनच पोहोचली. डिसेंबरमध्ये दुसऱ्या खेपेला खराब हवामानात युगोस्लाव्हियाच्या डोंगरांत त्याचं विमान आदळलं आणि तो मेला. श्विमरला पुढे साठ वर्षं मिळाली. पोमेरान्झचं नाव इस्रायलबाहेर फारसं कोणी घेत नाही.

हे स्वातंत्र्ययुद्ध ज्या भूमीवर झालं तिथे दुसरेही लोक होते. सुमारे 7 लाख पॅलेस्टिनी अरब या युद्धात घरं सोडून गेले किंवा हाकलले गेले. चेकोस्लोव्हाकियातून रायफली घेऊन आलेलं पहिलं विमान 1 एप्रिलच्या मध्यरात्री ज्या धावपट्टीवर उतरलं, ती बैत दारास या अरब गावाजवळ होती. मे महिन्यात ते गाव ओस पडलं. जुलैत लिद्दा आणि रामला या गावांतल्या हजारो लोकांना उन्हात पायी हाकललं गेलं. लिद्दा म्हणजे आजचं लोद, आणि श्विमरच्या आयुष्याचा उत्तरार्ध तिथल्याच विमानतळावर गेला. एकाच वर्षाला इस्रायली स्वातंत्र्याचं वर्ष म्हणतात आणि पॅलेस्टिनी नकबा, अर्थात महासंकट. श्विमरच्या कामाची मोजदाद करताना दोन्ही नावं समोर ठेवावी लागतात.

युद्ध संपल्यावर तो अमेरिकेत परतला. लॉस एंजेलिसच्या केंद्रीय न्यायालयात त्याच्यावर आणि सहकाऱ्यांवर तटस्थता कायदा आणि निर्यात नियम मोडल्याचा खटला चालला. 1950 च्या फेब्रुवारीत श्विमर, गार्डनर, सेल्क आणि सर्व्हिस एअरवेज कंपनी दोषी ठरली. न्यायाधीश पियर्सन हॉल यांनी तुरुंगवास दिला नाही. प्रत्येकी 10 हजार डॉलर दंड केला. पण गंभीर गुन्ह्याचा शिक्का बसला, आणि त्याबरोबर मतदानासारखे नागरी हक्क गेले. तुरुंगात गेला तो चार्ली विंटर्स, 18 महिन्यांच्या शिक्षेवर. ज्यू नसलेल्या माणसालाच सगळ्यात जड शिक्षा झाली.

बरबँकला श्विमर पुन्हा दुरुस्तीच्या धंद्याला लागला. सरकारनं अडवलेल्या कॉन्स्टेलेशनसह ती तिन्ही विमानं नव्यानं बांधली गेली आणि 1951 पासून एल अल या इस्रायलच्या विमान कंपनीची प्रवासी विमानं म्हणून उडू लागली. निर्वासितांना विमानानं नेण्याची त्याची मूळची कल्पना, थोड्या वळणानं, खरी झाली. त्याच वर्षी पंतप्रधान बेन गुरियन अमेरिकेत आले असताना त्यांनी बरबँकची ही कार्यशाळा पाहिली. मोजकी यंत्रं, मोजकी माणसं, आणि त्यातून निघणारी विमानं. हेच काम आमच्याकडे येऊन कर, असं त्यांनी श्विमरला सांगितलं.

1953 मध्ये लोदच्या विमानतळावर ‘बेदेक’ सुरू झालं, सुमारे 70 कामगारांनिशी. देशात तेव्हा अन्नधान्याचं रेशनिंग होतं. विमानउद्योग कशाला, असं विचारणारे सरकारातच बरेच होते. संरक्षण खात्यातले शिमॉन पेरेस श्विमरच्या पाठीशी उभे राहिले. सुरुवात दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करण्यापासून झाली. मग फ्रेंच फूगा मॅजिस्टर हे प्रशिक्षण विमान परवान्यानं बांधलं, 1967 मध्ये कंपनीचं नाव इस्रायल एअरक्राफ्ट इंडस्ट्रीज झालं. त्याच वर्षी फ्रान्सच्या द गॉल यांनी पैसे भरलेली मिराज विमानं द्यायला नकार दिला. 1948 चीच परिस्थिती पुन्हा आली होती, पण आता श्विमरकडे हजारो कामगारांचा कारखाना होता. मिराजच्या धर्तीवर ‘नेशेर’ बनलं आणि त्याच आराखड्यात अमेरिकी फँटमचं इंजिन बसवून ‘क्फीर’. एका जातीच्या सांगाड्यात दुसऱ्या जातीचं इंजिन ही चेक खेचराचीच युक्ती. या वेळी ती जमली.

लोद आणि रामला भागात पुढे रायगड-मुंबईकडून गेलेली बेने इस्रायली ज्यू कुटुंबंही स्थायिक झाली, त्यामुळे त्या गल्ल्यांत मराठी आजही कानावर पडते. श्विमरच्या कंपनीचा आणि मुंबईचा धागा मात्र फार नंतर जुळला: भारताच्या डीआरडीओबरोबर तिनं विकसित केलेलं बराक-8 क्षेपणास्त्र माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘आयएनएस कोलकाता’ या युद्धनौकेवर बसवलं गेलं.

सत्तरच्या दशकात कंपनी सोडल्यावर श्विमर पुढे पंतप्रधान पेरेस यांचा नाममात्र मानधनावरचा सल्लागार होता. 1985 मध्ये अमेरिकी क्षेपणास्त्रं गुपचूप इराणला पोहोचवण्याच्या व्यवहारात तो मध्यस्थांपैकी एक होता. लेबननमधले अमेरिकी ओलीस सुटावेत हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. वर्षभरानं ते प्रकरण वॉशिंग्टनमध्ये फुटलं आणि रेगन सरकार हादरलं. 1948 मध्ये अमेरिकेचा कायदा चुकवून शस्त्रं नेणारा माणूस सत्तरीकडे झुकताना अमेरिकी सरकारातल्याच काहींसाठी तेच करत होता. पहिल्या वेळी जीव धोक्यात असलेले लोक त्याच्या डोळ्यांसमोर होते. दुसऱ्या वेळी होते शस्त्रदलाल आणि खोमेनींची राजवट. या दोन कामांना एका मापानं मोजता येत नाही, आणि दुसऱ्याचा बचाव करणं अवघड आहे.

शिक्षेनंतर अर्धं शतक त्यानं माफीचा अर्ज केला नाही. माफी मागायची तर चूक झाली म्हणावं लागतं, आणि त्याच्या मते ती झालीच नव्हती. त्याच्यासारखाच दोषी ठरलेला हँक ग्रीनस्पन, ज्यानं हवाईतून विमानांच्या मशीनगन उचलून मेक्सिकोमार्गे पाठवल्या होत्या, त्याला केनेडींनी 1961 मध्येच माफी दिली. शेवटी ग्रीनस्पनच्याच मुलानं श्विमरसाठी शब्द टाकला, आणि 2001 च्या जानेवारीत, पद सोडता सोडता, क्लिंटन यांनी माफीवर सही केली. 2006 मध्ये त्याला इस्रायल पुरस्कार मिळाला. चार्ली विंटर्स 1984 मध्येच वारला होता. त्याला मरणोत्तर माफी 2008 च्या डिसेंबरात जॉर्ज बुश यांनी दिली. ती मागणाऱ्यांत चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग होते. विंटर्सच्या अस्थी जेरुसलेममध्ये पुरल्या आहेत. श्विमर जून 2011 मध्ये इस्रायलमध्ये वारला, तेव्हा तो 94 वर्षांचा होता आणि त्याच्या कंपनीत सोळा-सतरा हजार माणसं काम करत होती.